फीबासला जीव कसा लावावा

फीबास हा पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेतला मासा, आणि पाहताक्षणी आवडावं असं त्याच्यात काहीही नाही. मातकट तपकिरी अंग, त्यावर डाग, फाटके पर, जाड ओठ आणि शून्यात लागलेली नजर. पोकेमॉनच्या बहुतेक चाहत्यांना तो उलट्या बाजूनं भेटतो. आधी मिलोटिक, म्हणजे फीबासचं पुढचं देखणं रूप, दिसतो, त्याच्या पंख्यासारख्या शेपटीवर मन जडतं आणि मग कळतं, की तो मिळवायचा तर हा मासा शोधावा लागतो. तिथून पुढे बहुतेक जण सोपी वाट धरतात. कुणाकडून तरी तयार मिलोटिक ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, घेतात आणि टीममध्ये भरती करतात. त्यात गैर काही नाही, पण मिलोटिक आवडण्याचं अर्धं कारण तिथेच हातचं जातं. पहिल्या खेळांत हा पोकेमॉन दिसायला जितका देखणा होता, तितकाच घडवायला किचकट होता, आणि खरी गंमत त्या किचकटपणातच आहे. म्हणून इथली रीत अशी: फीबास स्वतः शोधायचा, स्वतः भरवायचा, आणि तो तयार झाला तरी इव्हॉल्व्ह करायची, म्हणजे पुढच्या रूपात बदलायची, घाई करायची नाही.

आधी आकड्यांकडे बघा

पोकेडेक्स म्हणजे सगळ्या पोकेमॉनची नोंदवही. त्यात फीबासचा क्रमांक ३४९, मिलोटिकचा ३५०. दोघेही २००२ साली जपानमध्ये आलेल्या ‘रूबी’ आणि ‘सॅफायर’ या खेळांतले. फीबासची लांबी ०.६ मीटर, वजन ७.४ किलो. मिलोटिक ६.२ मीटर लांब आणि १६२ किलोचा.

बेस स्टॅट, म्हणजे ताकदीचे मूळ आकडे, मात्र एकट्या फीबासचे वाचू नका, शेजारी मॅजिकार्प या दुसऱ्या दुबळ्या माशाचे ठेवून वाचा. मॅजिकार्प: एचपी २०, अटॅक १०, डिफेन्स ५५, स्पेशल अटॅक १५, स्पेशल डिफेन्स २०, स्पीड ८०. फीबास: एचपी २०, अटॅक १५, डिफेन्स २०, स्पेशल अटॅक १०, स्पेशल डिफेन्स ५५, स्पीड ८०. आकडे तेच, फक्त अटॅकच्या जागी स्पेशल अटॅक आणि डिफेन्सच्या जागी स्पेशल डिफेन्स. दोघांचीही बेरीज २००. आता त्यांची मोठी रूपं घ्या. ग्याराडोसचा एचपी ९५, डिफेन्स ७९, स्पीड ८१. मिलोटिकचेही हे तीन आकडे नेमके तेच. ग्याराडोसचे उरलेले तीन म्हणजे अटॅक १२५, स्पेशल अटॅक ६०, स्पेशल डिफेन्स १००. मिलोटिकचे अटॅक ६०, स्पेशल अटॅक १००, स्पेशल डिफेन्स १२५. दोन्हीकडे बेरीज ५४०.

म्हणजे फीबास हा मॅजिकार्पचा आरशातला भाऊ आहे. एका क्षुल्लक माशातून संताप बाहेर पडतो, दुसऱ्यातून शांतपणा. पोकेडेक्सही मिलोटिकबद्दल हेच सांगतो, की तो राग आणि वैर शमवतो. फरक वाटेचा आहे. मॅजिकार्प लेव्हल २० ला आपोआप ग्याराडोस होतो, नुसता धीर धरला की झालं. फीबासला मात्र धीर धरून काही उपयोग नाही. कितीही लढवा, पहिल्या खेळांत पोकेब्लॉक हा खाऊ न भरवता तो लेव्हल १०० ला गेला तरी फीबासच राहतो.

आणखी एक बारकावा. बाकी सगळे स्टॅट झपाट्यानं वाढतात, पण स्पीड ८० वरून ८१ होतो, फक्त एकानं. मिलोटिकच्या अंगात जुना फीबास कुठे शिल्लक असेल, तर तो इथे.

शोध: ४४७ चौकटींतल्या सहा

‘रूबी’, ‘सॅफायर’ आणि ‘एमराल्ड’मध्ये फीबास फक्त रूट ११९ च्या नदीत मिळतो, तोही सगळीकडे नाही. गळ टाकता येतो अशा ४४७ चौकटी खेळ मोजतो आणि त्यातल्या केवळ ६ चौकटींवर फीबास ठेवतो. योग्य चौकटीवर मासा गळाला लागला, तर तो फीबास असण्याची शक्यता ५० टक्के. चुकीच्या चौकटीवर ती शून्य, मग शंभरदा गळ टाका.

पोकेडेक्सचा विनोद इथे लक्षात येतो. ‘सॅफायर’मधली नोंद सांगते, की हा मासा कुठेही जगू शकतो आणि मंद असल्यामुळे सहज पकडला जातो. दुसरी गोष्ट खरीच आहे. त्याचा कॅच रेट २५५ आहे, म्हणजे साधा पोकेबॉलही सहसा पुरतो. अवघड आहे ते त्याला गाठणं.

कामाला लागण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवून टाका.

पहिली, गळ कोणता. फीबास तिन्ही रॉडना सारखाच लागतो, त्यामुळे सुपर रॉडचा मोह नको. ड्यूफर्ड टाउनमध्ये मिळणारा ओल्ड रॉडच इथे उत्तम. त्यावर मासा एकदा बटण दाबलं की वर येतो. मोठ्या रॉडवर तेच पुन्हा पुन्हा दाबावं लागतं आणि शेकडो वेळा गळ टाकायचा असतो तेव्हा बोटं दुखतात. ‘एमराल्ड’मध्ये टीमच्या अग्रभागी सक्शन कप्स किंवा स्टिकी होल्ड या ॲबिलिटीचा, म्हणजे अंगभूत गुणाचा, पोकेमॉन ठेवला, तर मासा लागण्याचं प्रमाण वाढतं.

दुसरी, ड्यूफर्डमधला चालू शब्दप्रयोग. त्या गावात एक मुलगा सध्या कोणता शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आहे ते सांगतो आणि तुमच्याकडून नवा मागतो. फीबासच्या सहा चौकटी या शब्दप्रयोगाशी बांधलेल्या आहेत. शोध चालू असताना तो बदललात किंवा मित्राबरोबर रेकॉर्ड मिक्स केलंत, म्हणजे दोघांच्या खेळांतली माहिती एकत्र केलीत, तर चौकटी हलतात आणि तोवर रिकाम्या ठरवलेल्या जागांची यादी कचऱ्यात जाते. शोध अर्ध्यावर सोडून बऱ्याच दिवसांनी परत आलात, तर आधी ड्यूफर्डला जाऊन शब्दप्रयोग तोच आहे ना ते पाहून घ्या.

तिसरी, वॉटरफॉल, म्हणजे धबधबा चढण्याची चाल. नदीचा वरचा भाग धबधब्यापलीकडे आहे आणि काही चौकटी तिकडे असू शकतात. फक्त सर्फ, म्हणजे पाण्यावरून जाण्याची चाल, असेल तर खालच्या भागापासून सुरुवात करा. सहाही चौकटी वर निघणं दुर्मीळ आहे, पण खाली काहीच सापडलं नाही तर खेळाला दोष देऊ नका.

आता पद्धत. चौकटींच्या वहीत नदी उतरवा आणि रांगेरांगेनं जा. उड्या मारत फिरणाऱ्याला हमखास विसर पडतो, की कोणती जागा झाली आणि कोणती राहिली. प्रत्येक चौकटीवर चार मासे लागेपर्यंत थांबा. लागलेले मासे मोजा, टाकलेले गळ नव्हे. ‘काहीच लागलं नाही’ हा निरोप मोजणीत धरायचा नाही. अर्धी शक्यता चार वेळा हुकण्याचं प्रमाण १६ त १ आहे, म्हणजे सुमारे ६ टक्के. दोनच माशांवर पुढे गेलात, तर खरी चौकट हातची जाण्याची शक्यता २५ टक्क्यांवर जाते. घाईत सगळी नदी पालथी घालून रिकाम्या हातानं परतणाऱ्यांचं हेच चुकतं.

किती वेळ लागेल? ४४७ मध्ये ६ विखुरलेल्या असतील, तर पहिली सरासरी ६४ व्या चौकटीच्या आसपास भेटते. चौकटीमागे चार मासे धरले तर अडीचशेच्या वर. दोन-तीन बैठकांचं काम आहे, एका संध्याकाळचं नाही.

सापडलेली चौकट ठळक खूण करून ठेवा आणि एकाच फीबासवर समाधान मानू नका. तिथेच पाच-सहा पकडा. का ते पुढच्या टप्प्यात कळेल.

२००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये हाच खेळ माउंट कोरोनेटच्या तळघरातल्या सरोवरात आहे, आणि तो जास्त निष्ठुर. चौकटी ५२८, त्यात फीबासच्या फक्त ४, आणि त्या रोज बदलतात. इथे वहीचा उपयोग त्या दिवसापुरताच. बसलात तर सापडेपर्यंत बसा आणि सापडल्यावर त्याच दिवशी हवे तितके पकडून घ्या.

भरवणं: इथेच बहुतेकांचा घात होतो

तिसऱ्या पिढीतला (‘रूबी’, ‘सॅफायर’ वगैरे) आणि चौथ्या पिढीतला (‘डायमंड’, ‘पर्ल’ वगैरे) नियम असा: ब्यूटी हा कंडिशनचा, म्हणजे कॉन्टेस्ट या स्पर्धेत मोजला जाणारा, गुण १७० किंवा त्याहून वर गेला आणि त्यानंतर फीबासची एक लेव्हल वाढली, की मिलोटिक. ब्यूटी वाढते ड्राय चवीच्या पोकेब्लॉकनं, चौथ्या पिढीत पॉफिन या खाऊनं. पण प्रत्येक घासाबरोबर पोटही भरत जातं. पोकेब्लॉकवर ‘फील’ नावाचा आकडा असतो, त्याची बेरीज आत साठत राहते आणि २५५ ला पोचली की तो पोकेमॉन एकही घास घेत नाही. कधीच नाही. पोट रिकामं करण्याचा उपाय त्या खेळांत नाही. १७० च्या आधी पोट भरलं, तर तो फीबास त्या खेळात जन्मभर फीबास.

म्हणून प्रत्येक पोकेब्लॉकचे दोन आकडे वाचायचे: लेव्हल आणि फील. लेव्हल म्हणजे सगळ्यात तीव्र चवीची मात्रा. निळ्या किंवा इंडिगो पोकेब्लॉकमध्ये ती चव ड्राय असते. १७० भागिले २५५ म्हणजे दोन-तृतीयांश. तेव्हा लेव्हल फीलच्या दोन-तृतीयांशाहून जास्त असली पाहिजे. हे एक गणित पाठ असलं तरी निभतं.

समजा तुमच्या पोकेब्लॉकची लेव्हल १२, फील २३. अकरा घासांत फील २५३. बारावा घास अजून खाता येतो, कारण २५५ गाठलेलं नाही. पण ब्यूटी होते १२ गुणिले १२, म्हणजे १४४. अडकला. आता लेव्हल २०, फील २० घ्या. नऊ घासांत ब्यूटी १८०, फील १८०, काम फत्ते आणि पोटात जागाही शिल्लक. खेळ ब्यूटीचा आकडा दाखवत नाही, पोकेनॅव्ह या खेळातल्या यंत्रावर फक्त पंचकोनी आलेख दिसतो. तेव्हा किती घास दिले ते कागदावर लिहीत जा.

नेचरचा, म्हणजे पोकेमॉनच्या स्वभावाचा, परिणाम सुमारे १० टक्क्यांचा. मॉडेस्ट, माइल्ड, क्वायट आणि रॅश या चार नेचरना ड्राय चव आवडते, त्यांना ब्यूटी थोडी जास्त मिळते. अडमंट, इम्पिश, जॉली आणि केअरफुल यांना ती नावडते, तिथे थोडी कमी. वरच्याच २० लेव्हलच्या पोकेब्लॉकनं आवडणाऱ्याचं काम आठ घासांत होतं, नावडणाऱ्याला दहा लागतात. उरलेल्या १७ नेचरना फरक पडत नाही. पाच-सहा फीबास पकडायला सांगितलं ते यासाठी: त्यात मॉडेस्ट निघाला तर दुधात साखर, कारण स्पेशल अटॅक वाढवणारं हे नेचर पुढे मिलोटिकलाही शोभतं. नाही निघाला तर निदान नावडत्या चारांपैकी नसलेला निवडा.

पोकेब्लॉक बनतो बेरी नावाच्या फळांपासून, बेरी ब्लेंडरमध्ये, आणि तिथे चवींचं वजाबाकीचं गणित चालतं, जे खेळ कुठेच समजावून सांगत नाही. ड्रायमधून स्वीट वजा होतं. स्पायसीमधून ड्राय, स्वीटमधून बिटर, बिटरमधून सावर, सावरमधून स्पायसी. म्हणून ब्लुक बेरी फसवी आहे. तिच्यात ड्राय आणि स्वीट समसमान, त्यामुळे ड्राय शून्यावर येतं आणि हातात गुलाबी पोकेब्लॉक पडतो. उलट रॅझ बेरीत स्पायसी आणि ड्राय समसमान असल्यानं स्पायसी पुसलं जातं आणि ड्राय उरतं. चेस्टो आणि विकी शुद्ध ड्राय आहेत, पण सौम्य. नुसत्या चेस्टोवर फीबास पोसू गेलात, तर वरच्या १४४ च्या उदाहरणाची गत होते.

भारी बेरी म्हणजे पॅमट्रे. ती मिळवायची युक्ती खेळात लपवलेली आहे. रूट १२३ वर बेरी मास्टरच्या घरात त्याची बायको एखादा छानसा शब्दप्रयोग मागते. तिला ‘चॅलेंज’ आणि ‘कॉन्टेस्ट’ हे दोन शब्द जोडून सांगितले की ती पॅमट्रे बेरी देते. ही बेरी लगेच ब्लेंडरमध्ये टाकू नका. आधी लावा, प्रत्येक टप्प्यावर पाणी घाला, मिळालेल्यातली एक पुन्हा लावायला राखून ठेवा आणि बाकीच्या वापरा.

ब्लेंडरमध्ये तीन गोष्टी निकाल ठरवतात. वेग: काटा आपल्या खुणेवर असताना अचूक बटण दाबलं की चक्र वेग घेतं, आणि गाठलेल्या सर्वोच्च आरपीएमला ३३३ नं भागून त्यात १ मिळवला की जो गुणक येतो, त्यानं चव वाढते. १०० आरपीएमला गुणक १.३. काटा चुकला की वेग पडतो, म्हणून उगाच बटण बडवत बसू नका. माणसं: फील म्हणजे बेऱ्यांच्या फीलची सरासरी वजा ब्लेंड करणाऱ्यांची संख्या, त्यामुळे चौघं जमले तर फील चारनं उतरतं. आणि बेरीची निवड: दोघांनी एकच बेरी टाकली, तर पोकेब्लॉक काळा होतो, म्हणजे वाया. मित्रांबरोबर ब्लेंड करताना ‘सगळेच पॅमट्रे टाकू’ ही कल्पना जितकी सुचण्यासारखी, तितकीच घातक. एकानं पॅमट्रे, दुसऱ्यानं कॉर्न, तिसऱ्यानं चेस्टो, चौथ्यानं विकी असं वाटून घ्या.

एखादा फीबास अडकलाच तर त्याला टाकून देऊ नका. डे केअरमध्ये ठेवून त्याचं अंडं मिळवता येतं आणि अंड्यातून निघणारं पिल्लू रिकाम्या पोटी येतं. फीबास लेव्हल १०० ला नेऊन मग भरवायला बसणं ही दुसरी चूक. पुढे चढायला लेव्हलच उरत नाही, मग ब्यूटी कितीही असली तरी काही घडत नाही.

नव्या खेळांत

२०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’पासून प्रिझम स्केल ही वस्तू आली. ती फीबासच्या हाती देऊन ट्रेड केला की झालं, ब्यूटीचा हिशेब नाही. ‘सोर्ड’, ‘शील्ड’ आणि ‘स्कार्लेट’, ‘व्हायोलेट’मध्येही हाच मार्ग; शेवटच्या दोनांत फीबास २०२३ च्या ‘द टील मास्क’ या पुरवणीतून परतला. ‘ओमेगा रूबी’, ‘अल्फा सॅफायर’ आणि ‘ब्रिलियंट डायमंड’, ‘शायनिंग पर्ल’मध्ये दोन्ही वाटा खुल्या आहेत. ट्रेडसाठी फीबास देताना समोरच्याला परत द्यायचं आधी कबूल करून घ्या, एवढंच. ‘पोकेमॉन गो’त फीबासला बडी, म्हणजे सोबती, करून २० किलोमीटर चालायचं आणि १०० कँडी भरायच्या. ही रीत मूळ कल्पनेच्या जवळ जाणारी आहे, कारण इथेही त्याच्यासाठी काहीतरी करावं लागतं.

मिलोटिकला त्याच्या स्वभावानं लढवा

मिलोटिक शोभेचा समजून बाजूला ठेवणाऱ्यांनी ‘एमराल्ड’चा शेवट आठवावा: तिथला चॅम्पियन वॉलेस याचा हुकमी पोकेमॉन हाच आहे, लेव्हल ५८ चा. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मधल्या चॅम्पियन सिंथियाकडेही तो आहे.

त्याच्याकडून अटॅकची अपेक्षा ठेवू नका, बेस ६० मध्ये काही होत नाही. चाली स्पेशल घ्या: एक पाण्याची, गवती आणि ड्रॅगन पोकेमॉनसाठी आइस बीम, आणि गेलेला एचपी भरून काढणारं रिकव्हर. तिसऱ्या पिढीत रिकव्हर मिलोटिकला लेव्हल ३० ला येतं. नदीत फीबास २० ते २५ लेव्हलचे मिळतात, त्यामुळे ३० च्या आत इव्हॉल्व्ह केलंत तर ते सरळ हाती लागतं. उशीर झाला, तर हार्ट स्केल घेऊन फॉलआर्बर टाउनच्या मूव्ह ट्यूटरकडे जावं लागेल. मिरर कोट फीबासला फक्त अंड्यातून मिळतं. स्पेशल डिफेन्स १२५ असलेल्या अंगावर स्पेशल मारा झेलून तो दुप्पट परतवण्याचं समाधान काही औरच.

ॲबिलिटी दोन प्रकारे वापरता येते. मार्व्हल स्केल असलेला मिलोटिक भाजला, झोपला किंवा विषबाधा झाली की त्याचा डिफेन्स दीडपट होतो. म्हणून त्याच्या हाती फ्लेम ऑर्ब देतात. पहिल्या फेरीच्या शेवटी तो स्वतःला भाजून घेतो, शारीरिक मारा झेलायला घट्ट होतो, आणि आधीच भाजलेला असल्यामुळे समोरच्याचं टॉक्सिक, म्हणजे विषाची चाल, त्याला लागत नाही. भाजण्यानं अटॅक निम्मा होतो, पण त्याचं इथे काय बिघडतं? ‘ब्रिलियंट डायमंड’मध्ये सिंथिया हीच चाल तुमच्यावर चालवते.

दुसरी ॲबिलिटी काँपिटिटिव्ह, सहाव्या पिढीपासूनची. शत्रूनं कुठलाही स्टॅट उतरवला की स्पेशल अटॅक दोन पायऱ्या चढतो, म्हणजे दुप्पट. डबल्समध्ये, म्हणजे दोन विरुद्ध दोन लढाईत, इंटिमिडेट या समोरच्याचा अटॅक उतरवणाऱ्या ॲबिलिटीचे पोकेमॉन फार, आणि दोन इंटिमिडेट एकदम झाले तर चार पायऱ्या, म्हणजे तिप्पट. मिलोटिकला बिनकामाचा अटॅक गमवावा लागतो आणि बदल्यात कामाचा स्टॅट वाढतो. स्वतःच्या चालीनं उतरलेला स्टॅट मात्र या हिशेबात येत नाही.

त्याला गवत आणि वीज या दोनच गोष्टी बाधतात. या दोघांवर उत्तर टीममधल्या दुसऱ्याकडे ठेवा. सगळं एकट्या मिलोटिककडून करवून घेण्यात मजा नाही.

जाता जाता मादीकडे नीट पाहा. चौथ्या पिढीपासून मादी मिलोटिकचे डोक्यावरचे केसांसारखे लांब पर नराहून लांब असतात. शेजारीशेजारी उभे केल्याशिवाय हे सहसा लक्षात येत नाही.

आणि एक फीबास तसाच ठेवा

आता पकडलेल्यांपैकी दुसरा फीबास घ्या. त्यालाही भरवा, ब्यूटी १७० पार करू द्या, आणि मग थांबा. इव्हॉल्व्ह होण्यासाठी लेव्हल वाढावी लागते, म्हणून त्याला लढाईत उतरवू नका आणि लेव्हल वाढवणाऱ्या रेअर कँडीपासून लांब ठेवा. खबरदारी म्हणून इव्हॉल्व्ह होणं रोखणारा एव्हरस्टोन धरायला द्या. तरी चुकून इव्हॉल्व्ह व्हायला लागलाच, तर बी बटण दाबून थांबवता येतं.

या फीबासला ब्यूटी कॉन्टेस्टमध्ये उतरवायचं. पहिल्या फेरीत कंडिशनचे गुण मिळतात आणि तिथे त्याच्या फाटक्या परांकडे कुणी पाहत नाही, आत साठलेली ब्यूटी मोजली जाते. अडचण दुसऱ्या फेरीत येते. स्प्लॅश आणि फ्लेल या त्याच्या अंगच्या चाली क्यूट प्रकारच्या, टॅकल टफ प्रकारची, म्हणजे ब्यूटीची एकही नाही. तेव्हा सर्फ, आइस बीम आणि वॉटर पल्स शिकवा, या तिन्ही ब्यूटीच्या. सादरीकरणाच्या पाच पाळ्यांत एकच चाल लागोपाठ करू नका, जज कंटाळतो आणि मिळालेलं हरवतं. ब्यूटी २०० च्या वर नेली असेल, तर स्लेटपोर्टच्या पोकेमॉन फॅन क्लबमध्ये त्याला अध्यक्षांना दाखवा. ते निळा स्कार्फ देतात. कॉन्टेस्टपुरता एव्हरस्टोन काढून तो बांधला की पहिल्या फेरीत आणखी भर पडते.

‘रूबी’ आणि ‘सॅफायर’मध्ये पायऱ्या वेगवेगळ्या गावांत आहेत: नॉर्मल रँक वर्डनटर्फला, सुपर फॉलआर्बरला, हायपर स्लेटपोर्टला आणि मास्टर लिलीकोव्हला. ‘एमराल्ड’मध्ये सगळ्या लिलीकोव्हलाच. खालच्या पायरीवर जिंकल्याशिवाय वरची उघडत नाही.

मास्टर रँक भरघोस गुणांनी जिंकलात, तर एक चित्रकार पुढे येतो आणि विजेत्याचं चित्र काढून लिलीकोव्हच्या संग्रहालयासाठी मागतो. हो म्हणा. मग वरच्या मजल्यावर जा. ब्यूटी विभागाच्या चौकटीत, जाड ओठ आणि तीच शून्यात लागलेली नजर घेऊन, तुमचा फीबास लटकलेला असेल.